पाच टक्क्यांच्या खाली

पूर्वी गावभागात कुणी आजारी असलं की समाचाराला येणारी माणसं चपला काढता काढता 'आता कसं वाटतंय?' असं विचारायची. मगदूमांच्या घरी ही रीत मोडली. २०४३ सालच्या चैत्रापासून दारात येणारा प्रत्येक जण 'आज किती?' एवढंच विचारू लागला, आणि उत्तर तात्या द्यायचे.

"सकाळी एकतीस. दूधवाला आला तेव्हा एक्केचाळीस. आता चोवीसवर आहे."

आलेला माणूस भिंतीवरच्या छोट्या पडद्याकडं बघायचा, चोवीस या आकड्यापुढं आदरानं मान हलवायचा, चहा प्यायचा आणि जायचा. ज्यांच्या समाचाराला तो आलेला असे त्या तात्यांच्या पत्नी इंदूअक्का पडद्याखालच्याच खुर्चीत बसलेल्या असत. पहिल्या महिन्यात त्रेपन्न माणसं येऊन गेली. त्यांतली अक्कांशी थेट बोलली ती अकरा, आणि त्या अकरांतल्या चौघी भाजी विकायला आलेल्या होत्या.

आकडा होता अक्कांच्या कमरेच्या डबीतला प्रोसेसर किती राबतोय त्याचा.

अक्कांना मागच्या दिवाळीनंतर पक्षाघाताचा झटका आला होता. हातपाय दोन महिन्यांत सावरले, वाचा मात्र गेली. म्हणजे अर्थ शाबूत होता, शब्दापर्यंतची वाट तुटली होती. समोर विळी ठेवली तर ती कशाला लागते, तिची धार कुणी बोथट केली, हे सगळं त्यांना माहीत असायचं. फक्त 'विळी' म्हणता यायचं नाही. मिरजेच्या वाचा केंद्रानं त्यांच्या कवटीखाली पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जाळी बसवली. तिला अडीचशे टोकं. अक्कांच्या मनात काही म्हणायचं आलं की मेंदूतल्या पेशी एका ठरावीक नमुन्यानं चेततात. टोकं तो नमुना टिपतात आणि डबीकडं पाठवतात. डबीतला प्रोसेसर अंदाज बांधतो की बाईंना 'विळी' म्हणायचं आहे, आणि जाळीतून तेवढाच बारीक प्रवाह परत सोडतो. अडलेला शब्द जिभेवर येतो. हा सगळा व्यवहार पापणी लवायच्या आत संपतो. डबी स्वतः बोलत नाही, कानात कुजबुजतही नाही. शब्द आपला आपण आला की डबीनं मागून ढकलला, हे ऐकणाऱ्याला कळत नाही आणि खुद्द बोलणाऱ्यालाही कळत नाही.

केंद्रानं या यंत्राला 'वाचासेतू' असं भारदस्त नाव दिलं होतं. डॉक्टरांसकट सगळे त्याला डबी म्हणत.

डबीबरोबर पडदा मिळाला होता तो घरच्यांच्या समाधानासाठी. त्यावर फक्त एक आकडा दिसायचा. दुसऱ्या कुठल्या घरात तो आठवड्याभरात कॅलेंडरइतका दुर्लक्षित झाला असता. पण भूपाल मगदूम, म्हणजे आपले तात्या, इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत चौतीस वर्षं टाइमकीपर होते. गेटजवळच्या खिडकीत बसून कोण कधी आलं, कोण विडी ओढायला बाहेर गेलं आणि परत कधी उगवलं, याची नोंद ठेवण्यात त्यांची हयात गेली. शेवटची बारा वर्षं हजेरी लिनक्सच्या मशीनवर आली होती. पन्नाशीला टेकलेल्या तात्यांनी तेव्हा काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायला शिकून घेतलं होतं. त्यांना एका आकड्यानं काय होणार? दुसऱ्याच दिवशी त्यांनी डबी उलटी करून बघितली. पासवर्ड खालच्या बाजूला चिकटवलेलाच होता. डबी बनवणाऱ्या कंपनीनं तो बदलायला सांगितलं होतं, केंद्रानं तो बदलला नव्हता.

आत शिरल्यावर तात्यांना आपली खिडकी परत मिळाल्यासारखं झालं. 'एलएससीपीयू' असं टाइप केलं की प्रोसेसर आपलं कूळ सांगायचा: कोअर आठ, वेग इतका, साठवण इतकी. 'टॉप' म्हटलं की आत कोण कोण कामाला आहे त्यांची यादी उलगडायची, ज्याचं काम जास्त तो वर. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे या आठही कामगारांच्या प्रत्येक क्षणाचा हिशेब तिथं लागत होता. इतका वेळ कामात, इतका वेळ कशाची तरी वाट बघण्यात, बाकीचा रिकामा. रिकामा बसलेला कामगार स्वतःहून 'मी रिकामा' असं कळवतो, हे तात्यांनी चौतीस वर्षांत बघितलं नव्हतं.

त्यातून भानगडी सुरू झाल्या.

सांगलीला दिलेली मुलगी रत्नप्रभा रोज दुपारी फोन करायची. एका रविवारी ती घरी आली होती, तेव्हा तात्यांनी कौतुकानं तिला आठवड्याचे आकडे दाखवले.

"हे माझ्या फोनचं?" रत्नप्रभानं विचारलं. "नऊ टक्के?"

"नऊ ते अकरा."

"आणि हे एक्केचाळीस कुणाचं?"

"ती मेथी घेऊन येते ती."

रत्नप्रभानं आईकडं बघितलं. "मी रोज पाऊण तास बोलते. मला नऊ आणि मेथीवालीला एक्केचाळीस?"

अक्का म्हणाल्या, "तुझ्याशी... काय बोलायचं असतं?" त्यांना म्हणायचं होतं, की तुझ्याशी बोलायला कष्ट पडत नाहीत. पण एवढं लांब वाक्य तेव्हा जमत नव्हतं आणि जेवढं जमलं तेवढ्यानं काम बिघडलं. रत्नप्रभानं चार दिवस फोन केला नाही. पाचव्या दिवशी केला तेव्हा मुद्दाम अवघड अवघड प्रश्न विचारले आणि आकडा सत्तावीसवर नेल्यावरच ठेवला.

शेजारच्या चंपाताई बिरनाळे यांचा चिवडा सोळा टक्क्यांवर अडकला, म्हणून त्यांनी पुढच्या खेपेला चकली आणली. लोक अक्कांकडं काही ना काही घेऊन यायचे आणि पडद्याकडं बघून उठायचे. अक्का बोलू लागल्या की तात्यांची मान भिंतीकडं वळायची. 'हं, चढतोय,' असं ते म्हणायचे. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं बोलणं इतक्या लक्षपूर्वक कधीच ऐकलं नव्हतं, आणि ती काय बोलली हे त्यांना इतकं कमी कधीच कळलं नव्हतं.

आषाढात आकडा उतरायला लागला.

चोवीसचा अठरा झाला, अठराचा बारा. श्रावण लागला तेव्हा दिवसाची सरासरी चारवर आली. तात्यांनी डबी पुसली, चार्जर बदलला, पडद्यावर दोन चापट्या मारल्या. एके सकाळी अक्का मागच्या अंगणात चंपाताईंबरोबर शेवग्याच्या शेंगा काढत होत्या. आत पडद्यावर तीन होता. तात्यांनी खिडकीतून बघितलं. लांबून दोघींची डोकी जवळ आलेली दिसली, चंपाताईंचे हातवारे दिसले. आपल्या बायकोला आता नुसतं ऐकून घ्यावं लागतंय, असं त्यांना वाटलं आणि त्यांचा जीव गलबलला.

डबी बसवताना डॉक्टर म्हणाले होते, "मेंदू हाक मारतो तेव्हा डबी उठते." आता डबी उठत नव्हती. म्हणजे हाका बंद झाल्या होत्या. घरातही अक्का तात्यांशी कमी बोलू लागल्या होत्या. 'जेवायला या', 'दार लावा', एवढ्यावर दिवस निघायचा. तात्यांचा निष्कर्ष पक्का झाला: इंदू आतून विझत चालली आहे.

त्यात मिरजेहून पत्र आलं. केंद्राकडं अशा चाळीसच डब्या होत्या आणि थांबलेली माणसं तीनशेच्या वर. 'प्रोसेसरचा सरासरी वापर सलग तीस दिवस पाच टक्क्यांच्या खाली राहिल्यास वाचासेतू परत घेऊन प्रतीक्षायादीतील पुढील व्यक्तीस देण्यात येईल,' असं त्यात लिहिलं होतं. कारण दिलेलं नव्हतं. सरकारी पत्रात कारण द्यायची पद्धत नसते.

तात्यांना कारणाची गरजही पडली नाही. गिरणीत सलग इतके दिवस गैरहजर राहिलं की नाव कमी व्हायचं. त्यांनी स्वतःच्या हातानं कितीतरी नावं कमी केली होती. आता त्या यादीत इंदूचं नाव होतं. डबी गेली की उरलासुरला शब्दही जाणार, आणि आपली बायको पुन्हा विळीकडं बोट दाखवत रडणार. झटक्यानंतरचे ते दोन महिने तात्यांना आठवले. त्यांनी दिवस मोजले. पाचच्या खालचे अठ्ठावीस झाले होते. दोन उरले होते.

आणि चौतीस वर्षं खोटी हजेरी पकडणाऱ्या माणसानं खोटी हजेरी लावायचं ठरवलं.

गिरणीत दादू कोरे नावाचा एक कामगार होता. दुसऱ्याची कार्डं पंच करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. तात्यांनी त्याला तीनदा पकडलं आणि तिसऱ्यांदा घरी पाठवलं. आता त्यांनी डबीत एक लहानसा प्रोग्राम लिहिला. तो एकपासून मोजायला लागायचा आणि मोजतच राहायचा. त्यातून निघत काही नव्हतं, फक्त प्रोसेसर कामात दिसायचा. प्रोग्रामला काहीतरी नाव द्यावं लागतं. तात्यांनी 'दादू' असं दिलं.

एकाच कोअरवर काम दिसलं तर संशय येईल म्हणून आठही कोअरांवर एकेक दादू बसवला, पण प्रत्येकाला बेतानं राबवलं. आकडा चारवरून बावीसवर गेला. तात्यांनी सुस्कारा सोडला आणि चंपाताईंना हाक मारून सांगितलं, "आज बावीस!"

"काय सांगताय!" चंपाताई म्हणाल्या. "कशानं हो?"

"हवापालट," तात्या म्हणाले.

पुढचे एकवीस दिवस दादू कामावर होता. त्या एकवीस दिवसांत अक्का खरोखरच अडखळायला लागल्या. 'मीठ द्या' म्हणायला जायच्या आणि 'मीठ... मीठ... ताक' असं व्हायचं. एकदा तर तात्यांना त्यांनी रत्नप्रभाच्या नावानं हाक मारली आणि स्वतःच ओठ आवळून गप्प झाल्या. तात्यांना वाटलं, बघा, आपला अंदाज खराच होता. वेळेवर दादू आणला म्हणून, नाहीतर डबी जाऊन आठवडा झाला असता. काळजीपोटी त्यांनी दादूचं काम थोडं वाढवलं. अक्का आणखी अडखळल्या.

बाविसाव्या दिवशी सकाळी दहा वाजता केंद्रातून हिना मुजावर आली. तिशीतली, पाठीला लॅपटॉपची पिशवी, आणि तोंडात बडीशेप. ती तिथली इंजिनिअर होती. तिनं आल्या आल्या अक्कांना विचारलं, "अक्का, बऱ्या आहात?" पडद्याकडं न बघता हा प्रश्न विचारणारी ती त्या घरातली कित्येक महिन्यांतली पहिली व्यक्ती. अक्कांनी गादीवरची घडी केलेली चादर उचलून तिला बसायला जागा केली.

हिनानं डबी लॅपटॉपला जोडली, कूळ विचारलं, आठ कोअर जागेवर आहेत हे बघितलं. मग 'टॉप' टाइप केलं आणि बडीशेप चावायची थांबली.

"तात्या, हा दादू कोण?"

तात्यांनी जवळचा तांब्या उचलून पाणी प्यायला सुरुवात केली. ते बराच वेळ पीत राहिले.

"एक नाही, आठ आहेत," हिना म्हणाली. "मी मिरजेत बसून हा आलेख बघत होते. आठला चढतो. बाराला खाली. साडेबाराला परत वर. चारला सुटतो. आठवड्यातून एक दिवस येतच नाही. आमच्याकडं चाळीस माणसांचे आलेख आहेत, तात्या. कुणाचा मेंदू बरोबर बाराला जेवायला जातो हो?"

"पहिल्या पाळीची वेळ तीच," तात्या पुटपुटले. मग तांब्या खाली ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. पत्र, अठ्ठावीस दिवस, हाका, दादू. सांगताना ते अक्कांकडं बघत नव्हते. "यंत्र न्यायचं असेल तर न्या," ते शेवटी म्हणाले. "पण मग तिच्याजवळ काय राहणार, ते तुम्हीच सांगा."

हिनानं लॅपटॉप बाजूला सरकवला. "तात्या, वापर कमी झाला की काय होतं असं वाटलं तुम्हाला?"

"हजेरी कमी झाली की नाव कमी करतात. दुसरं काय होतं?"

"ते गिरणीत. दवाखान्यात गरज कमी झाली की घरी सोडतात."

"म्हणजे?" तात्यांनी विचारलं.

"डबी शब्द ढकलते ना," हिना सांगू लागली, "तेव्हा तुटलेल्या वाटेच्या आजूबाजूच्या पेशी ते बघत असतात म्हणा. दिवसातून हजारदा तोच शब्द त्याच बाजूनं गेला की त्या पेशी नवी पायवाट पाडतात. मग पुढच्या वेळी शब्द आपला आपण निघतो. प्रोसेसर नमुना बघतो, मदत लागत नाही असं त्याला दिसतं आणि तो बसून राहतो. बसून राहिला की आकडा उतरतो. चारवर आला म्हणजे शंभरातले बहुतेक शब्द अक्का स्वतःच म्हणत होत्या. आम्हाला हेच हवं असतं, तात्या. पत्रात लिहायला पाहिजे होतं, ते आमचं चुकलं."

"मग हे अडखळणं? तीन आठवडे झाले, तिला मीठ म्हणता येत नाही!"

"तुमच्या दादूमुळं. आठही कोअर मोजणीत गुंतले. डबी तापली. कमरेला चटका बसू नये म्हणून तापली की ती आपला वेग आपणच कमी करते. त्यामुळं शब्द आपला आपण निघाला हे तिला वेळेत दिसेना, आणि धक्काही उशिरा यायला लागला. अक्का मीठ म्हणून मोकळ्या, त्यानंतर मागून धक्का. त्यांना परत मीठच म्हणावं लागतं, किंवा भलताच शब्द बाहेर पडतो."

तात्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. माणूस कामाला येऊन काम बिघडवतो, हे त्यांनी पाहिलं होतं. आपण आणलेला माणूस ते करील, हे त्यांना सुचलं नव्हतं.

"खात्री काय पण?" ते म्हणाले. "तुम्ही म्हणताय म्हणून?"

"डबी बंद करून बघू. दहा मिनिटं."

"नको!" हे तात्या इतक्या जोरात म्हणाले की अंगणातून चंपाताईंनी डोकं वर काढलं.

"करा बंद," अक्का म्हणाल्या.

हिनानं कळ दाबली. डबीवरचा हिरवा दिवा गेला. भिंतीवरचा पडदा काळा झाला आणि तात्यांची नजर सवयीनं तिथं जाऊन परत आली. आता बघायला फक्त अक्का होत्या. त्यांनी तोंड उघडलं, आवाज आला नाही. तात्यांनी सेकंद मोजले. पाच. आठ. अकरा.

"चहा घेणार काय, बाई?" अक्कांनी हिनाला विचारलं.

तात्यांनी डोळे मिटले. "झालं! बोलली! लावा आता परत."

"हे धरायचं नाही," हिना म्हणाली. "'चहा घेणार काय', 'नमस्कार', 'बसा की', ही वाक्यं तोंडात बसलेली असतात. वाचा पूर्ण गेली तरी कधी कधी ती राहतात. वेगळं काहीतरी बोला, अक्का."

अक्का तात्यांकडं वळल्या. "पाच महिने झाले, मी इथं बसते आणि तुम्ही तिथं बघून मान हलवताय. चंपाला सांगितलं, रत्नाला सांगितलं. म्हटलं, ह्यांनी भिंतीशी लग्न केलंय, मी आपली भिंतीची... भिंतीची बहीण म्हणून राहते इथं. बोलायचं कुणाशी? म्हणून अंगणात जात होते मी. तिथं ऐकायला माणूस तरी होतं."

हिनाला हसू आवरेना. तात्या मात्र गंभीरपणे म्हणाले, "हेसुद्धा धरू नका. मला बोल लावणं तिच्या तोंडात चव्वेचाळीस वर्षं बसलेलं आहे."

"तेही खरंच," हिना म्हणाली. "अक्का, जन्मात कधी म्हटलं नाही असं एखादं वाक्य म्हणा. ते तयार कुठून मिळणार नाही. ते आतूनच जुळवावं लागेल."

अक्का विचारात पडल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. बाहेर कुणाच्या तरी मागाची खटखट चालली होती. मग त्या सावकाश, एकेक शब्द वजन करून ठेवावा तसं बोलू लागल्या.

"माझा भाऊ तुमच्या गिरणीत होता. दोन दिवस आला नाही, तर तुम्ही... तुम्ही त्याची ती..." शब्द अडला. "ती गेटवरची... नाव लिहायची..."

तात्यांच्या ओठांवर तो शब्द आला. चौतीस वर्षांचा त्यांचा सगळ्यात ओळखीचा शब्द. हिनानं हात वर करून त्यांना थांबवलं. तात्यांनी आपलं तोंड आपल्याच हातानं झाकलं.

"खिडकीत बसून तुम्ही... ती... हजेरी!" अक्का म्हणाल्या. "हजेरी. त्याची हजेरी लावली नाही. आई रडत आली होती तुमच्याकडं, तरी लावली नाही. मी तेव्हापासून तुमच्यावर मनातून रागावून होते. आणि आता माझ्यासाठी तुम्ही खोटी लावलीत. एकवीस दिवस. वाईट काम केलंत." त्यांनी पदराचं टोक सोडलं. "पण मला बरं वाटलं."

तात्यांनी हात तोंडावरून काढून डोळ्यांवर ठेवला. खांदे हलत होते. ते हसत होते की रडत होते याचा निकाल लावायला तिथं कुठलाच पडदा चालू नव्हता.

"हे धरायचं?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"हे धरलं," हिना म्हणाली आणि रुमालानं नाक पुसलं.

चहा झाला. अक्कांनी केला, डबीशिवाय. साखर कुठल्या डब्यात आहे हे तात्यांना ओरडून सांगताना दोनदा शब्द अडला, दोनदा वळसा घेऊन आला. हिनानं सांगितलं की एवढं राहणार. एखादा शब्द कायमचा हट्टी असतो, त्याला वेळ द्यायचा, आजूबाजूच्यांनी तो पटकन पुरवायचा नाही. जाळी आत राहिली तरी त्रास नाही. डबी मात्र मिरजेला जाईल.

"कधी?" अक्कांनी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात न्यायला गाडी येईल."

"आजच न्या की. कुणीतरी थांबलं असेल."

हिनानं लॅपटॉप पिशवीत घालता घालता मान वर केली. मग म्हणाली, "आहे. विलास खोत म्हणून शिरोळचे. एसटीत कंडक्टर होते. जाळी बसवून झालीय, डबीची वाट बघतायत."

तात्यांचं डोकं वर झालं. दोन दिवस राहिले असताना दादू आला. दादू एकवीस दिवस राहिला. "एकोणीस," ते म्हणाले. "त्या माणसाचे एकोणीस दिवस मी खाल्ले."

"मला ते लिहावं लागेल, तात्या," हिना म्हणाली. "अहवालात."

"लिहा. माझं नाव घालून लिहा. सही करतो." त्यांनी सही केली. इतकी वळणदार सही त्यांनी निवृत्तीच्या कागदावरही केली नव्हती. त्या अहवालानंतर केंद्रानं चाळीसही डब्यांचे पासवर्ड बदलले आणि पत्रात कारणाची दोन वाक्यं घातली. सरकारी कागदात एखाद्याच्या गुन्ह्यानं दोन वाक्यांची भर पडावी, हेही काही थोडं नाही.

दसरा झाल्यावर अक्कांना तपासणीला मिरजेला बोलावलं होतं. बाहेरच्या बाकावर एक चाळिशीचा माणूस बसला होता, कमरेला डबी. शेजारी त्याची बायको, मांडीवर पडदा. नाव पुकारलं गेलं तेव्हा तात्यांना कळलं की हेच विलास खोत. ते उठून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळं त्यांनी ती हजेरी वाचून दाखवावी तशी मागितली: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, एकूण दिवस एकोणीस, कारण मी.

विलास खोत ऐकत होते. त्यांच्या बायकोची नजर पडद्यावर होती. "चढतोय," ती हळूच म्हणाली. "सत्तर... अठ्ठ्याहत्तर..."

"एकोणीस... दिवस," खोत म्हणाले. एकेक शब्द घाटातल्या गाडीसारखा वर येत होता. "हिचं... नुसतं... ऐकून... घेतलं." मग मोठा श्वास घेऊन, "आता... देतो... उत्तरं."

तात्या हसले, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की खोतांच्या बायकोला विनोद कळलाच नाही. "सत्त्याऐंशी!" ती डोळे विस्फारून पडद्याला म्हणत होती. "अहो, सत्त्याऐंशी झाले!"

अक्का उठल्या. त्यांनी तिच्या मांडीवरचा पडदा अलगद उचलला, पालथा करून बाकावर ठेवला आणि त्यावर स्वतः बसल्या.

"अहो मावशी, तो पडदा..." ती बाई गोंधळून म्हणाली.

"असू दे," अक्का म्हणाल्या. "ते काय म्हणाले, ऐकलंस का?"

"नाही," ती म्हणाली, आणि मान वळवून नवऱ्याकडं बघू लागली. "काय म्हणालात हो? परत म्हणा."

विलास खोतांनी आधी अक्कांकडं, मग तात्यांकडं बघितलं, आणि सगळं वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणायला घेतलं.